रुथेनियम धातूचं कॉम्प्लेक्स (धातूभोवती रेणू बांधलेलं संयुग) पेशीत जात नाही, पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी जोडली तर जाईल का?

जाईल. तुम्ही नागपुरात एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करताय, कोणतं पेप्टाइड घ्यावं असं विचारलंय, म्हणून सविस्तर लिहिते. माझी पीएच.डी. इथेच, याच कामावर झाली.

सुरुवात आठ आर्जिनिनच्या साखळीने करा; आर्जिनिन हे धन प्रभाराचं अमिनो आम्ल. एचआयव्हीचं टॅट प्रथिन आपणहून पेशीत शिरतं हे १९८८ मध्ये कळलं, त्याच्या तुकड्यातही आर्जिनिनच भरलेले आहेत. त्यांचा धन प्रभार पेशीच्या ऋण पृष्ठभागाला धरतो आणि पेशी ते गिळते. कॉम्प्लेक्सच्या लिगंडवर, म्हणजे धातूला धरून बसलेल्या रेणूवर, एक कार्बॉक्सिल गट हवा. पेप्टाइड रेझिनवर (ज्या मण्यांवर ते बांधतात त्यांवर) असतानाच त्या गटातून कॉम्प्लेक्स शेवटी एन-टोकाला, म्हणजे साखळीच्या अमिनो टोकाला, जोडायचं. तीन बायपिरिडिन लिगंडवालं रुथेनियम ९५ टक्के टीएफएलाही (पेप्टाइड रेझिनवरून सोडवायचं तीव्र आम्ल) दाद देत नाही. सिस्प्लॅटिन या प्लॅटिनमच्या कर्करोगावरच्या औषधाच्या जातीचं काही असेल तर मात्र जपून, प्लॅटिनम सिस्टीन-मेथिओनिन या अमिनो आम्लांच्या गंधकाला जाऊन बसतं.

आपल्याकडच्या मे महिन्यात डीएमएफ, म्हणजे पेप्टाइड बांधताना वापरायचा द्रावक, सांभाळा. एकदा बाटली उघडली तर सडक्या मासळीचा वास आला. तो डायमिथाइल अमाइनचा. मी तरीही तेच वापरलं. ते अमाइन एफमॉक गट, म्हणजे एका वेळी एकच अमिनो आम्ल जोडलं जावं म्हणून लावलेलं झाकण, वेळेआधीच काढतं, त्यामुळे मास स्पेक्ट्रममध्ये हव्या त्या शिखराच्या १५६ डाल्टन पुढे दुसरं शिखर उभं होतं, म्हणजे एक आर्जिनिन जास्तीचा. सगळा बॅच गेला.

आता खरं महत्त्वाचं. मी पेशी पॅराफॉर्मल्डिहाइडने फिक्स करून (मारून आहे तशा गोठवून) मायक्रोस्कोपखाली ठेवल्या; रुथेनियम लाल चमकतं, आणि केंद्रक लालभडक दिसलं. त्या रात्री मला झोप आली नाही, इतका आनंद झाला होता. पुढच्या आठवड्यात त्याच पेशी जिवंत असताना बघितल्या, तर केंद्रक काळं आणि भोवती नुसते लाल ठिपके. माल एंडोसोममध्ये, म्हणजे पेशी गिळते त्या पिशव्यांमध्ये, अडकलेला होता; फिक्स करताना त्या फुटून तो केंद्रकात पसरला होता. हा धोका २००३ मध्येच छापून आला होता, मी वाचला नव्हता. तुम्ही जिवंत पेशीच बघा. आधी ट्रिप्सिन किंवा हेपॅरिनने धुऊन वरवर चिकटलेलं काढा. एक प्लेट ४ अंशांवर ठेवा, तिथे पेशीचं गिळणं थांबतं. चमक तिथे मावळली, तर वाट एंडोसोमचीच आहे असं धरा. तुलनेला पेप्टाइड नसलेलं कॉम्प्लेक्सही सोबत हवंच.

आणि टीएफएने सोडवलेलं पेप्टाइड टीएफएचं लवण होऊन येतं, ते क्लोराइडमध्ये बदलून मगच पेशींवर टाका, नाहीतर पेशी टीएफएने मेल्या की रुथेनियमने, सांगता येणार नाही.

तुमच्या लिगंडवर कार्बॉक्सिल आहे का ते कळवा, नसेल तर कुठे बसवायचा ते सांगते.