चुन्याची डबी

"हे एकदा सगळं निघून गेलं ना, की मी पहिल्यासारखी होईन."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की समोरचा माणूस "हे एकदा" म्हणाला की पुढचं मला कळतं. पक्षाघातातून उठलेले गुरुजी म्हणतात, अंगावर कोड आलेली मुलगी म्हणते, गुडघ्यांनी बेजार झालेल्या आजी म्हणतात. कुडाळला मी आठवड्यातून दोन दिवस समुपदेशनाला बसते. त्या दोन दिवसांत हे वाक्य कानावर पडलं नाही, असा आठवडा क्वचितच जातो. म्हणून आज काकींबद्दल लिहिते. त्यांच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

काकी वेंगुर्ल्याकडच्या. वय पन्नाशीच्या पुढे. अबोलीचे वळेसार, म्हणजे गजरे, करून विकायच्या. केळीच्या सोपाचे ओले धागे, मांडीवर फुलांची परडी, आणि अंगठा-तर्जनीच्या चिमटीत एकेक फूल अडकवत जायचं. लग्नसराईत आणि गणपतीत हात थांबायचे नाहीत. हेच काम तीस वर्षं केलेलं.

पहिल्या भेटीला सून घेऊन आली होती. काकी पदराखाली हात घेऊन बसल्या होत्या. मी पाणी पुढे केलं तर सुनेने पेला उचलून त्यांच्या तोंडाशी नेला. म्हटलं, हात बघू? बराच वेळ गेला. मग त्यांनी हात टेबलावर ठेवले. बोटांची कातडी ताणून बसवल्यासारखी, चकचकीत. उजव्या अंगठ्याच्या पेरावर आणि तर्जनीच्या टोकाला पांढरट टेंगळं. एकावर खपली, तिच्या कडेला ओल.

आजाराचं नाव स्क्लेरोडर्मा. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःवरच उलटते, कातडी जाड आणि घट्ट होते, बारीक रक्तवाहिन्या आकसतात. गार लागलं की बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल. काहींना त्वचेखाली कॅल्शियमचे खडे साठतात. हाडं आणि दात ज्या खनिजाचे बनतात, तेच हे खनिज, चुकीच्या जागी. नेमकं बोटांच्या टोकांना, जिथे रोज दाब पडतो. कधी कातडी फोडून खडूच्या लगद्यासारखं बाहेर येतं. दुखणं असं की शर्टाचं बटण लावणंही नको होतं.

निदान गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात झालं होतं. त्याआधी दोन-तीन वर्षं "संधिवात" म्हणून गेली. आणि "आपल्याकडे कसली आलीय थंडी?" हे ऐकण्यात गेली. बाजारात बर्फातला बांगडा उचलला की काकींची बोटं खडूसारखी पांढरी पडायची, पण कोकणात राहून गारठ्याची तक्रार करणारी बाई म्हणजे नाटकीच. गारठा लागायला बर्फ पडावा लागत नाही. पावसात दिवसभर ओले राहिलेले हात, बँकेतला एसी, फ्रिजमधलं दूध, एवढं पुरतं.

आता औषधं चालू होती, तरी काकी दिवसेंदिवस गप्प होत चालल्या होत्या. सून म्हणाली, "रात्री उठून न्हाणीत बसतात. दिवा लावून."

न्हाणीत काय करतात, हे कळायला मला चार भेटी लागल्या.

मधल्या भेटींतली माझी एक फजितीही सांगते, कारण नव्याने या कामात येणाऱ्यांना ती उपयोगी पडेल. मी त्यांना पॉल क्ले या चित्रकाराची गोष्ट सांगितली. १९३५ पासून तो आजारी होता. तो आजार स्क्लेरोडर्माच असावा, असं नंतरच्या डॉक्टरांनी लक्षणांवरून ठरवलं. तरी १९३९ या एका वर्षात त्याने १२०० हून जास्त चित्रं काढली. रेषा जाड झाल्या, सोप्या झाल्या, पण थांबल्या नाहीत. तो २९ जून १९४० रोजी गेला, म्हणून स्क्लेरोडर्माचा जागतिक दिवस २९ जूनला असतो. मी रंगून सांगत होते. काकींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या,

"त्याका काय वळेसार करूचो होतो? रंग कसोय फासलो तरी लोक चित्र म्हणतत. वळेसार वाकडो झालो तर कोण घेता?"

मला हसू आलं आणि लाजही वाटली. दुखणाऱ्या माणसाला थोरामोठ्यांच्या जिद्दीची गोष्ट सांगणं म्हणजे बऱ्याचदा आपणच हात झटकणं असतं. त्या दिवसापासून प्रेरणेच्या गोष्टी मी बंद केल्या.

पण त्या दिवशी काकी पहिल्यांदा मला मॅडम न म्हणता "बाय" म्हणाल्या, हेही खरं.

चौथ्या भेटीत त्यांनी पिशवीतून एक डबी काढली. जुनी, पितळेची, चुन्याची. पूर्वी त्या पान खायच्या. झाकण त्यांच्याने उघडेना, मी उघडून दिलं. आत कापसावर बारीक पांढरे कण होते. काही तांदळाच्या कणीएवढे, एक तुरीच्या डाळीएवढा, टोकदार. दीड वर्षात सुईने टोचून, दाबून बोटांतून काढलेले. रात्री, न्हाणीत, दिव्याखाली.

"सासू म्हणता, इतकी वर्सां चुनो खाल्लंस, तो आता भायर पडता."

म्हणून त्यांनी पान सोडलं होतं. दूध सोडलं होतं. तिसऱ्या सोडल्या, कारण शिंपल्यात चुना असतो. एका ठिकाणी कोणीतरी त्यांना "कॅल्शियम बंद करा" असंही सांगितलं होतं. मी त्यांचे कागद काढून दाखवले: रक्तातलं कॅल्शियम अगदी योग्य होतं. हे खडे खाण्यातून येत नाहीत. आजाराने दुखावलेल्या जागी कॅल्शियम जाऊन बसतं. दूध सोडल्याने खडा विरघळत नाही, हाडं तेवढी ठिसूळ होतात. गंमत म्हणजे डॉक्टरांनी जे खरोखर सोडायला सांगितलं होतं, ती मशेरी मात्र सकाळ-संध्याकाळ चालू होती. तंबाखूने आधीच आकसलेल्या रक्तवाहिन्या आणखी आकसतात. आपण स्वतःला शिक्षा करायला निघालो की नेमका निर्दोष आरोपी पकडतो.

मग मी सुईबद्दल विचारलं.

"टोचल्यावर बरं वाटतं?"

"नाय. जीव जाता."

"मग?"

"कायतरी केलंय, असा वाटता."

"आणि खडा बाहेर पडला, की?"

"दुसरो येता." थांबून म्हणाल्या, "पण बाय, ह्या सगळा भायर पडाकच व्हया."

माझ्या कामाची शिस्त विवेकनिष्ठ विचारपद्धतीची, म्हणजे त्रास देणारा हट्टी विचार ओळखून तो बदलायचा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ती १९५५ च्या सुमारास मांडली, महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली. पुस्तकात तिचे बरेच टप्पे आहेत. मी इतक्या वर्षांत माझ्यापुरती एक सोपी खूण करून ठेवलीय: मी वाक्यातला "च" ऐकते. मराठीने ही सोय आपल्याला फुकट दिलीय. झालंच पाहिजे. मलाच का. आता कायमचंच. इंग्रजीत शिकलेल्या माझ्या सहकाऱ्यांना जे तीन वाक्यांत शोधावं लागतं, ते आपल्याकडे एका अक्षरात सापडतं. मालवणीतही तो "च" तसाच आहे, याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला.

मी म्हटलं, "काकी, हेच वाक्य 'च' काढून म्हणून बघा."

"ह्या भायर पडाक व्हया." त्यांनी म्हटलं. पुन्हा "च" लावून म्हटलं. पुन्हा काढून. ओठांतल्या ओठांत चार-पाच वेळा. सून माझ्याकडे बघायला लागली. मीही मनात म्हटलं, शाळा केलीस बाई तू त्यांची. आणि मग काकी म्हणाल्या,

"'च' काढलो काय माका रडाक येता."

आणि रडल्या. किती वेळ, ते मी मोजलं नाही. बाहेर पाऊस होता, खोलीच्या पत्र्यावर आवाज एवढा, की रडणं ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं.

या वाक्यावर मी कितीतरी दिवस विचार केला. "पाहिजेच"च्या जागी "झालं तर बरं" ठेवा, की माणूस हलका होतो, असं मी शिकले होते आणि बऱ्याच जणांना शिकवतही होते. काकींनी मला मधली पायरी दाखवली. हट्ट सुटला की लगेच हलकं वाटत नाही. आधी दुःख येतं. हट्ट धरलेला असतो तो त्या दुःखाला दाराबाहेर ठेवण्यासाठी. सुई टोचत राहिलं, की हात गेल्याचं रडायची वेळच येत नाही, कारण हात अजून परत मिळवायचाय ना! हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं. माझ्या टेबलासमोर, चुन्याच्या डबीशेजारी कळलं, आणि तेव्हापासून मी कुणाचा "च" काढायची घाई करत नाही. रडायला जागा आहे ना, वेळ आहे ना, सोबत कुणी आहे ना, हे आधी बघते.

त्या रडण्यातून मग खरं ते आलं. खड्यांपेक्षा वेगळंच. शेजारच्या घरातून वळेसाराची मागणी बंद झाली होती. बोटातून पांढरं येतं म्हणून महारोगाची कुजबूज होती. (हा आजार स्पर्शाने पसरत नाही. जेवणातून नाही, फुलांतून नाही.) आणि काकींनी स्वतःच घरच्या देवाला फुलं घालणं सोडलं होतं.

"असलो हात देवाच्या फुलांक लावचो?"

मी विचारलं, असं कोणी सांगितलं? कोणी नाही. भटजींनी? नाही. मी यावर पुढे काही बोलले नाही. देवाच्या बाबतीत सल्ला द्यायचा माझा अधिकार नाही. पुढच्या भेटीला सुनेने सांगितलं, की सकाळी काकींनी जास्वंद घातली, लांब देठाची, देठाला धरून.

सुई बंद करायला सांगणं सोपं होतं, पण "कायतरी केलंय" हे वाटणं काढून घेतलं तर त्याच्या जागी काय ठेवणार? म्हणून आम्ही हातांची कामं ठरवली. रात्री न्हाणीत बसायच्या त्याच वेळी कोमट पाण्यात हात, कढत नाही, कारण अशा बोटांना चटका उशिरा कळतो. मग तेल, मग दुखऱ्या टेंगळावर मऊ पट्टी, म्हणजे कुठे आपटलं तरी जीव जायला नको. उलथन्याच्या मुठीला, किल्लीला, कंगव्याला जुन्या साडीची चिंधी गुंडाळून जाड केली. फ्रिज उघडायचा तो हातमोजा घालून. एसटीत सुटे पैसे बोटांनी वेचायचे नाहीत, तळहात पुढे करायचा. ही शेवटची गोष्ट काकींना सगळ्यात अवघड गेली, कारण तळहात पुढे करायचा म्हणजे हात पदराबाहेर काढायचा. मशेरी एकदम सुटली नाही. आधी संध्याकाळची गेली. सकाळची जायला होळी उजाडली.

असंच दुखणं अंगावर असलेल्या वाचकांना स्वच्छ सांगते. सुई, ब्लेड, डाग देणं, कुणी दिलेला झोंबणारा लेप, यातलं काहीही बोटाला लावू नका. तिथे रक्तपुरवठा आधीच तोकडा असतो, जखम महिनोन्महिने भरत नाही आणि जंतू शिरले तर बोटावर बेततं. जागा लाल झाली, गरम लागली, पू दिसला, ताप आला, किंवा बोटाचं टोक काळं-निळं पडून तसंच राहिलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. खडे हमखास विरघळवणारं औषध आज नाही. काही औषधं काहींना लागू पडतात. फारच त्रास देणारा खडा शस्त्रक्रियेने काढता येतो, पण तो पुन्हा येऊ शकतो. हे संधिवाततज्ज्ञाशी आणि हाताच्या सर्जनशी बसून ठरवायचं. "काढून टाका एकदाचं" असं त्राग्याने नाही. त्या "एकदाचं"मध्येही एक "च" दडलाय.

घरच्यांना एक विनंती. पेला उचलून तोंडाशी नेऊ नका. विचारा. काकींच्या सुनेने एवढंच बदललं, मूठभर रुंद कानाचा कप आणला. पहिल्या दिवशी चहा अर्धा सांडला. दुसऱ्या दिवशी कमी. आणि ज्याला दुखतंय त्याने "मदत करा" असं मोघम म्हणू नये. "फणसाचे गरे तू काढ, मी बाजूला बसून निवडते" असं म्हणावं. ऐकणाऱ्यालाही काय करायचं ते कळतं, आणि आपलं कामही शिल्लक राहतं.

वळेसार? काकी आता करत नाहीत. सून करते. गेल्या गणपतीत काकी बाजूला बसून फुलं मोजून देत होत्या आणि गाठ सैल पडली की ओरडत होत्या. सून म्हणते, विकत घेणारी माणसं बरी, ही बाई नको. काही दिवस काकींना ते बघवायचंही नाही, उठून परसात जातात. ते तसंच आहे. मी त्याला काही केलं नाही.

डबी मी ठेवून घेईन असं त्यांना वाटलं होतं. मी परत दिली. तुमच्या अंगातलं आहे, तुम्हीच ठरवा, म्हटलं. त्यांनी काय केलं ते मी विचारलं नाही.

शेवटच्या भेटीला त्यांनी स्वतःहून हात टेबलावर ठेवला आणि डाव्या करंगळीजवळचं नवं टेंगूळ दाखवलं. हात न लावता, हनुवटीने.

"हो नवो. दिवाळेपर्यंत भायर येतलो." मग पिशवी खांद्याला लावत म्हणाल्या, "नायतर येवचो नाय."

साडेचारची गाडी होती. सून रिक्षा बघायला पुढे गेली होती.