चिपळूणसारख्या गावात कलाकारांनी स्वतःची गॅलरी कशी सुरू करावी?

सावर्ड्याला चित्रकला शिकलेल्या तुम्हा तिघांना चिपळुणात प्रदर्शनासाठी स्वतःची जागा हवी आहे, बाजारपेठेतल्या गाळ्याचं भाडं झेपत नाही, तर सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय. आम्ही पाच जण तालुक्यातच गेली चार वर्षं अशी एक जागा चालवतोय, म्हणून लिहिते.

गाळा घेऊच नका. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत कुठवर चढलं होतं ते मी सांगायला नको. तळमजल्यावर कागद ठेवून पावसाळ्यात झोप लागत नाही.

गणपतीची शाळा, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवायची कार्यशाळा, शोधा. माझ्या मते कोकणातली कलाकारांनी चालवलेली खरी जुनी जागा तीच. ज्येष्ठ-आषाढात घराघरातून मूर्तीसाठी पाट येतात, पाटावर खडूने नाव असतं, मूर्तिकार मातीत हात घालून बसलेला आणि दारात पोरांची गर्दी. लोकांना तिथे यायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, ती कुठल्या नव्या गॅलरीला विकत मिळत नाही. आणि भाद्रपद संपला की बहुतेक शाळा रिकाम्या पडतात. आपल्याला जागा लागते ती नेमकी तेव्हा, दिवाळी ते वैशाख.

आम्ही आमच्या मूर्तिकार काकांना भेटलो, भाडं विचारलं. ते म्हणाले, भाडं नको, कौलं शाकारून द्या आणि विजेचं बिल भरा. दर महिन्याला प्रत्येकी पाचशे रुपये काढतो, त्यात बिल, चहा, छपाई भागते.

आता भिंतीचं. उघड्या चिऱ्यात, म्हणजे जांभ्या दगडात, खिळा धरत नाही. ठोकला की तांबडी भुकटी गळते, चित्राचं वजन पडलं की खिळा भोकासकट बाहेर. पहिल्या वर्षी एक फ्रेम अशीच पडली, काच फुटून खालचं जलरंगाचं चित्र चिरलं. तेव्हापासून वाशांना आडवा बांबू बांधतो आणि त्यावरून तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी, सोडून चित्रं टांगतो. तंगूस बंदरावर कुठेही मिळते, जाड घ्या. चित्र भिंतीपासून चार बोटं सुटं राहतं, मागून वारा खेळतो, ओल धरत नाही. तरी मृगाच्या आधी सगळं उतरवाच. एकदा आठवडाभर उशीर केला, दोन कागदांवर बुरशीचे ठिपके आले, ते आजही गेले नाहीत.

वेळ ठरवा आणि पाळा. आम्ही शनिवार-रविवार चार ते सात उघडतो, कोणी येवो न येवो. एका एप्रिलमध्ये एक आजी पाट लवकर सांगायला आल्या आणि काळ्या लिनोकटसमोर (लिनोलियमवर कोरलेल्या ठशाने छापलेल्या चित्रासमोर) उभ्या राहून म्हणाल्या, "ह्याला रंग कधी भरणार?" शाळेत सगळ्याला शेवटी रंग लागतो, प्रश्न बरोबरच होता. आमच्यातल्या एकीने ठसा दाखवला, शाई लावून एक प्रत काढून दिली. आजी अर्धा तास बसल्या. पुढच्या रविवारी नातवंडांना घेऊन आल्या.

आधी इमारत हवी असं मानू नका. दिल्लीचं खोज, कलाकारांनी उभी केलेली संस्था, १९९७ साली एका कार्यशाळेतून सुरू झालं, स्वतःची जागा पुढे आली. कुडाळजवळ पिंगुळीला तर जाऊनच या. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची लोककला) आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय उभं केलं, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गोठा केवढा आहे ते मोजून या, जागेची काळजी अर्धी कमी होईल.

एक गोष्ट मूर्तिकाराशी आधीच स्पष्ट बोला: किल्ली कोणाकडे आणि कधीपर्यंत. आमची वैशाखी पौर्णिमेला परत जाते. त्याआधी बांबू सोडतो, जमीन सारवतो, मूर्तींच्या फळ्या होत्या तशा लावून देतो, कारण ज्येष्ठ लागला की पाट येऊ लागतात.