तीन किलोमीटरला धाप लागते. चार महिन्यांत २१ किलोमीटर जमेल का?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, राहायला बेळगावजवळ मच्छे, उद्यमबागेतल्या फौंड्रीत शिफ्टची नोकरी. डिसेंबरात गोव्यात २१ किलोमीटरच्या शर्यतीला मित्रांबरोबर नाव घातलंय, हातात १६ आठवडे आहेत. सध्या ३ किलोमीटर साडेसोळा मिनिटांत होतात, पुढं धाप लागून थांबावं लागतं. दम कसा वाढवायचा?

जमेल. पण दम कमी आहे हे तुमचं निदान मला पटत नाही. साडेसोळा मिनिटांत ३ म्हणजे किलोमीटरला साडेपाच मिनिटं. नवख्यासाठी हा वेग जास्तच आहे. या वेगानं पळाल तर धाप लागणारच, आणि रोज धाप लागेपर्यंत पळालात तर डिसेंबरपर्यंत ३ चे फार तर ५ किलोमीटर होतील. किलोमीटरला साडेसात मिनिटांवर या. पहिले पंधरा दिवस लाज वाटेल, बाकीचे पळणारे पुढं निघून जातील, जाऊ देत. सोबतच्याशी उसाच्या बिलावर सलग चार वाक्यं बोलता आली की वेग बरोबर. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला की वेग जास्त झाला. घड्याळापेक्षा ही खूण खरी, कारण चढ, दमट हवा, झोप यांचा हिशोब घड्याळ करत नाही.

साडेसातच्या वेगानं २१.१ किलोमीटरला २ तास ३८ मिनिटं लागतात. तीन तासांत संपवायचं असेल तर किलोमीटरला साडेआठ मिनिटंही चालतात. तुमच्या शर्यतीची वेळेची मर्यादा नियमावलीत बघून घ्या, म्हणजे उगाच घाई करण्याचं कारणच उरणार नाही.

आठवड्यात चार दिवस पळायचं: मंगळवार, गुरुवार, शनिवार आणि रविवार. रविवारचा पल्ला लांब. पहिल्या चार रविवारी ५, ६, ७, ५ किलोमीटर. पुढच्या चारांत ८, ९, १०, ७. मग ११, १२, १४, १०. शेवटी १६, १८, १२ आणि सोळाव्या रविवारी शर्यत. दर चौथ्या आठवड्याला अंतर मुद्दाम खाली आणलंय. तो आठवडा गाळू नका, पायांची डागडुजी तेव्हाच होते. मंगळवार-गुरुवार ३-३ किलोमीटरपासून सुरू करून चौदाव्या आठवड्यापर्यंत ६ आणि ८ वर न्या. शनिवारी २ ते ४ किलोमीटर, तेही रेंगाळत. रविवारचा पल्ला आठवड्याच्या एकूण अंतराच्या निम्म्यापेक्षा मोठा होऊ देऊ नका. आठवडाभर काही नाही आणि रविवारी एकदम १४, हा दुखापतीचा सगळ्यात सरळ रस्ता आहे. पहिला महिना चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं असंच करा. पळून दमल्यावर चालणं वेगळं आणि दमायच्या आधी ठरवून चालणं वेगळं. दुसऱ्या पद्धतीनं शर्यतसुद्धा पुरी करता येते. शर्यतीआधी पूर्ण २१ पळून बघायची गरज नाही, १८ पुरेत.

शिफ्टचं काय करायचं? फर्स्ट शिफ्ट असेल तर संध्याकाळी पळा, सेकंड असेल तर सकाळी. थर्ड शिफ्ट करून आल्या आल्या लांब पळू नका. आधी पाच-सहा तास झोप, मग बघा. तो रविवार हुकला तर सोमवारी-मंगळवारी भरून काढा. दोन लांब पल्ले एका आठवड्यात मात्र कोंबू नका. भट्टीजवळ आठ तास उभं राहणाऱ्याचं पाणी आधीच घामात गेलेलं असतं, म्हणून कामावरून निघताना लघवीचा रंग बघा. गडद पिवळा असेल तर आधी पाणी, अर्धा-पाऊण तास दम, मग पळणं.

जागेबद्दल. मच्छे-पिरनवाडीचा खानापूर रोड पळायला सोडून द्या, तिथल्या वाहतुकीत पाय कमी आणि जीवच जास्त सांभाळावा लागतो. लांब पल्ल्याला कॅम्पातले, म्हणजे लष्करी छावणीतले, झाडांखालचे रस्ते चांगले, मनाई असलेले लष्करी रस्ते तेवढे वगळून. पाऊस ओसरला की आठवड्यातले छोटे पल्ले टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मातीवर करा. आपल्याकडचे डांबरी रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून उजव्या बाजूनंच पळायचं हे बरोबर, पण मग एक पाय कायम खाली पडतो आणि महिन्याभरात गुडघ्याची किंवा खुब्याची एकच बाजू दुखायला लागते. म्हणून निदान निम्मं पळणं मैदानावर किंवा सपाट जागेवर हवं. नोव्हेंबरपासून उसाचे ट्रॅक्टर पहाटेच रस्त्यावर येतात, मागच्या ट्रॉलीला लाल दिवा असेलच असं नाही, आणि उतारावर त्यांना पटकन थांबताही येत नाही. अंधारात पळणार असाल तर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट आणि डोक्याला बॅटरी हवीच. कुत्रं अंगावर आलं तर पळू नका, थांबून चालायला लागा.

राजहंसगडाचा चढ सगळ्यांनाच खुणावतो. दहाव्या आठवड्यापर्यंत तिकडं फिरकू नका. नंतर पंधरा दिवसांतून एकदा, वर पळत आणि खाली चालत. चढानं पोटऱ्या तयार होतात, पण उतारावर मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत ब्रेक लावत असतात आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची दुखणी तिथूनच सुरू होतात.

आता दुखापती, कारण पहिल्या शर्यतीची तयारी बहुतेक वेळा इथंच मोडते. श्वास महिन्याभरात सुधारतो, स्नायू दोन महिन्यांत, पण हाडं आणि स्नायुबंध चार-सहा महिने घेतात. सातव्या-आठव्या आठवड्यात पळणं सोपं वाटायला लागतं, माणूस अंतर वाढवतो आणि नडगी धरते. नडगीच्या आतल्या कडेला लांबवर मंद दुखत असेल तर आठवडाभर अंतर निम्मं करा, मातीवर पळा. पण एका बोटाएवढ्या जागी हाड दाबल्यावर कळ येत असेल, त्या पायावर उडी मारवत नसेल किंवा रात्री झोपेत ठणकत असेल, तर पळणं बंद आणि हाडाच्या डॉक्टरकडं जा. हाडाला बारीक तडा असू शकतो, आणि सुरुवातीच्या एक्स-रेत तो बऱ्याचदा दिसत नाही, हेही ध्यानात ठेवा. सकाळी पहिली चार पावलं टाच टेकवत नसेल तर पोटरी ताणायचे व्यायाम दिवसातून तीनदा, आणि घरात फरशीवर अनवाणी फिरणं थांबवा. वेदनाशामक गोळी घेऊन पळायचं नाही, शर्यतीत तर अजिबात नाही. पाणी कमी झालेल्या शरीरात त्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात.

बुधवारी आणि शुक्रवारी वीस-वीस मिनिटं ताकदीचे व्यायाम. जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवून टाचा खाली-वर, एका पायावर १२ वेळा, असे तीन फेरे. मग एका पायावर अर्ध्या बैठका, पाठीवर झोपून कंबर उचलणं, प्लँक (कोपरं आणि चवडे टेकवून अंग फळीसारखं ताठ धरणं). तालमीची सवय असेल तर शुक्रवारच्या दोनशे बैठकांना सुट्टी द्या. त्या वाईट नाहीत, पण रविवारी त्यांचाच हिशोब द्यावा लागतो.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढं अंगठ्याएवढी जागा हवी, नाहीतर नखं काळी पडणार. मोजे सुती नकोत. सुती मोजा पाणी धरतो, कातडी मऊ पडते आणि फोड येतात. पावसात भिजलेले बूट चुलीशेजारी वाळवले तर तळव्याचा डिंक सुटतो. आतला तळ काढून ठेवा, रद्दीतल्या ‘तरुण भारत’चे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला, सकाळपर्यंत वाळतात. ज्या बुटात १८ किलोमीटर केलेत त्याच बुटात शर्यत. नवा बूट त्या दिवशी काढायचा नाही, मित्रांनी कितीही भरीला घातलं तरी.

खाण्यात फार क्रांती नको. सव्वा तासापेक्षा जास्त पळणार असाल तर तासाला ३० ग्रॅमच्या आसपास पिष्ट-साखर पोटात जायला हवी: एक मोठं केळं, किंवा तीन-चार खजूर, किंवा सुपारीएवढे गुळाचे तीन खडे. पळताना पोट काय सोसतं हे रविवारीच कळतं, म्हणून सराव त्याचाही करा. ओआरएसचं पाकीट पुड्यावर लिहिलेल्या मापातच कालवा. घरी करायचं तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. एखाद्या रविवारी पळण्याआधी आणि नंतर वजन करा. किलोभर उतरलं तर प्यायलात त्यापेक्षा साधारण लिटरभर घाम जास्त गेला. वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालं, आणि ते जास्त धोक्याचं: रक्तातलं मीठ पातळ होऊन मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होतं. तहान लागेल तसं प्या, दिसलं म्हणून शर्यतीतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर ढोसू नका.

बेळगाव साडेसातशे मीटरवर, डिसेंबरच्या पहाटे हवा कोरडी आणि थंड. गोव्यात त्याच पहाटे हवा दमट असते, घाम वाळत नाही, त्यामुळं अंग गार होत नाही. किलोमीटरला १५-२० सेकंद हळू पळायचं मनाशी आधीच धरा. जांबोटी-चोर्ला घाटामार्गे जाणार असाल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा. वळणांनी पोट ढवळलेलं असताना रात्रीचं जेवण जात नाही, आणि शर्यतीत छातीवर लावायचा नंबरही आदल्या दिवशीच घ्यायचा असतो. ओळखपत्र विसरू नका. रात्री भात, वरण, थोडं दही. भाकरी, उसळ, कोशिंबीर त्या रात्री नको, चोथा सकाळी त्रास देतो. मासळीचं ताट शर्यतीनंतर. पळायच्या दोन तास आधी दोन केळी किंवा ब्रेड-जाम, सवय असेल तर चहा. मांड्यांत, काखेत व्हॅसलिन, छातीच्या बोंडांवर चिकटपट्टी. हे ज्यानं केलं नाही त्याला अंघोळीच्या वेळी कळतं.

सुरुवातीला रांगेत मागं उभे राहा. पहिले तीन किलोमीटर ठरलेल्या वेगापेक्षाही हळू. पाण्याच्या टेबलाशी चाला, कपाची कड चिमटून प्या, म्हणजे नाकात जात नाही. १५ नंतर जोर उरला असेल तर तेव्हा वाढवा. छातीत दुखलं, अंगावर शहारे आले, घाम अचानक थांबला किंवा डोकं चालेनासं झालं तर तिथंच थांबा आणि स्वयंसेवकाला सांगा.

सराव सुरू करण्याआधी बीपी आणि साखर तपासून घ्या. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर ईसीजीही. पावसाळ्यात ताप आला तर उतरल्यावर निदान आठवडाभर पळू नका. डेंग्यू असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हाच. तापात पळाल्यानं हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, चार रविवार बुडाले तरी त्यापेक्षा परवडले.

संपल्यावर लगेच बसकण मारू नका, दहा मिनिटं चाला, खारं काहीतरी खा. पुढचा आठवडा पळणं बंद. आणि चोर्ल्याचा घाट चढताना गाडी न पळालेल्या माणसाच्या हातात द्या. पोटरीत गोळा आला की क्लच दाबता येत नाही.