पार्ट्सचं नवं दुकान : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमच्या घराजवळ इलेक्ट्रॉनिक पार्ट्सच्या नव्या दुकानाची पाटी लागली आहे. आजवर एखादा आयसी (चिप) हवा असला की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती चिठ्ठी द्यायची, नाहीतर कुरिअरची वाट पाहायची. दुकान उघडल्यावर पहिल्याच फेरीत काय पाहू, म्हणजे ते कामाचं आहे की नाही हे कळेल? *(एक वाचक, फोंडा)*

उत्तर : एका ट्रान्झिस्टरपायी अख्खा अँप्लिफायर आठ-आठ दिवस टेबलावर उघडा पडतो, त्यामुळे तुमची उत्सुकता आम्ही समजू शकतो. दुकानात गेलात की आधी मालाचे पाय, म्हणजे सोल्डर करायच्या तारा, बघा. काउंटरवर आलेल्या कपॅसिटरचे, रेझिस्टरचे पाय चकचकीत रुपेरी हवेत. काळपट किंवा करडे दिसले तर माल दमट जागी बराच काळ पडून आहे. अशा पायाला सोल्डर धरत नाही, नुसता गोळा होऊन बसतो. वरून जोड झालेला दिसतो आणि चार महिन्यांनी सुटतो. ब्लेडने पाय खरवडून, फ्लक्स (सोल्डर धरायला मदत करणारा लेप) लावून काम निभावता येतं. पण नव्या मालाला ही वेळ येऊ नये. गोव्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की माल झाकणाच्या डब्यांत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवला आहे का, हे बघणं अगत्याचं आहे.

मग इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मागा. अंगावर 105 अंश लिहिलेला घ्या, 85 वाला नको. आत दर 10 अंश उष्णता वाढली की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. बऱ्याच कपॅसिटरांवर चार आकडी तारीखही असते : 2418 म्हणजे 2024 सालचा 18वा आठवडा. फार जुना माल नको, कारण वापराविना पडून राहिला की आतला ऑक्साइडचा थर विरतो आणि गळती करंट (आतून झिरपणारा नको असलेला करंट) वाढतो.

पॉवर ट्रान्झिस्टर घेताना सगळ्यात जास्त सावध राहा. 2एन3055 या पॉवर ट्रान्झिस्टरचा नकली माल बाजारात वर्षानुवर्षं फिरतो आहे. बाहेरचं धातूचं टोपण तेच, आतली चिप मात्र चिमुकली. मल्टिमीटरवर तो ठणठणीत दिसतो आणि खरा भार पडला की जातो. म्हणून दोन-चार नग घ्या, त्यातला एक घरी कानशीने फोडून चिप बघा, मगच पुढची खरेदी करा.

शेवटची परीक्षा दुकानदाराची. 1 टक्कावाला 1 किलोओहमचा रेझिस्टर मागा आणि तिथेच मीटर लावून दाखवायला सांगा. आकडा 990 ते 1010 मध्ये यायला हवा. जो दुकानदार न कुरकुरता मीटर पुढे करतो, त्याच्याकडे पुन्हा जावं. दुकान कितीही छोटं असो, आमच्या लेखी ही एकच गोष्ट ते चांगलं ठरवायला पुरेशी आहे.

प्रश्न : म्हापशात असंच दुकान उघडलं, पहिल्याच आठवड्यात जाऊन आले. लख्ख उजेड, भिंतभर तयार मॉड्यूल (जुळवलेली छोटी सर्किटं) आणि अर्ड्युइनो या प्रोग्रॅम करायच्या बोर्डाचे संच. पण सुटा डायोड मागितला तर शंभराचं पाकीट पुढे केलं. हिरमोड झाला. *(एक वाचक, म्हापसा)*

उत्तर : एवढ्यावर दुकानाला नापास करू नका. सुरुवातीला दुकानदार खपणारा माल भरतो, आणि आज शाळा-कॉलेजांच्या प्रकल्पांसाठी मॉड्यूलच खपतात. तुम्हाला लागणाऱ्या वस्तूंची यादी नेमक्या नंबरांसह लिहून द्या : 1एन4007 (डायोड), 7805 आणि एलएम317 (व्होल्टेज स्थिर ठेवणारे आयसी), 0.7 मिलिमीटरची 60/40 (कथील-शिसं) सोल्डर तार. ‘डायोड ठेवा’ म्हटलं तर काही येत नाही, नंबर दिला तर येतो. आणखी दोन-तीन दुरुस्तीवाल्यांची यादी जोडलीत तर शंभराचं पाकीट फोडून सुटे नग विकणं त्यालाही परवडेल.

प्रश्न : चतुर्थीच्या मखरासाठी नव्या दुकानातून 12 व्होल्टच्या एलईडी पट्टीची 5 मीटरची दोन रिळं आणि 5 अँपिअरचा अडॅप्टर आणला. रिळं एकमेकांना जोडली. शेवटचे दोन मीटर मंद लागतात आणि अडॅप्टरला हात लाववत नाही. पट्टी खराब निघाली का? *(एक वाचक, पेडणे)*

उत्तर : पट्टी चांगली असावी, हिशेब चुकला आहे. 5050 जातीच्या, मीटरला 60 दिवे असलेल्या पट्टीला मीटरमागे 14.4 वॉट लागतात. 10 मीटरना 144 वॉट, म्हणजे 12 अँपिअर. तुमचा अडॅप्टर 60 वॉटचा, तो तापणारच. आधी तो काढून ठेवा. 12 व्होल्ट 15 अँपिअरचा एसएमपीएस (धातूच्या पेटीतला पॉवर सप्लाय) घ्या आणि त्याच्या अर्थच्या स्क्रूला हिरवी तार जोडायला विसरू नका.

मंद उजेडाचं कारण वेगळं. पट्टीतला तांब्याचा पत्रा अगदी पातळ असतो, पुढे जाता जाता व्होल्टेज पडतं. म्हणून रिळं शेपटाला शेपूट जोडू नयेत. एसएमपीएसपासून प्रत्येक रिळाला स्वतंत्र तारांची जोडी न्या. एका रिळाला 6 अँपिअर लागतात. 3 मीटर अंतरावर 1.5 चौरस मिलिमीटरच्या तारेत अर्ध्या व्होल्टहूनही कमी पडतं, बारीक 0.5 च्या तारेत सव्वा ते दीड व्होल्ट जातं आणि तार तापते ती वेगळीच. चिमट्याचे जोड खाऱ्या हवेत सैल होतात, त्यापेक्षा सोल्डर करून वर आकसणारी नळी चढवा.

एसएमपीएस माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली) मात्र कधीही ठेवू नका. वर ओली पानं, नारळ, तवशी टांगलेली असतात, त्यांचं पाणी ठिबकतं. मखराच्या बाजूला, उंच आणि वारा लागेल अशा कोरड्या जागी ठेवा. पुढच्या वेळी तयार अडॅप्टर घेताना त्यावरचा ‘आर-’ नंतरचा आठ आकडी नंबर दुकानातच बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) केअर अॅपवर तपासा.

प्रश्न : पंख्याचा 2.5 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर (कपॅसिटर) नव्हता, दुकानदाराने 3.15 चा दिला. चालेल? *(एक वाचक, सावर्डे)*

उत्तर : नको, परत करा. जास्त मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरने पंख्याच्या मोटरमधल्या साहाय्यक वाइंडिंगमधून (दुसऱ्या वेटोळ्यातून) जास्त करंट जातो आणि पंखा तापतो. जुन्यावर लिहिलेलाच मायक्रोफॅरडचा आकडा आणि 440 व्होल्ट हवेत. बदलण्याआधी भिंतीवरच्या बटणावर विसंबू नका, एमसीबी (वीज मीटरजवळच्या पेटीतला स्विच) पाडा. मग 10 किलोओहमचा रेझिस्टर पक्कडीत धरून कंडेन्सरच्या दोन्ही तारांना दोन सेकंद टेकवा, त्यानंतरच हात लावा. जुना मीटरवर 2.2 च्या खाली दाखवत असेल तर पंखा मंदावण्याचं कारण तोच.