रेड ६ चा रिबिल्ड ३० एमबी/सेकंदावर अडकला आहे, वेग कसा वाढवू?

रेड ६ म्हणजे दोन डिस्क बंद पडल्या तरी डेटा वाचवणारी अनेक डिस्कची जोडणी, आणि रिबिल्ड म्हणजे बिघडलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा उभा करणं. ८ टीबीची डिस्क सेकंदाला ३० एमबी वेगाने भरायला साधारण तीन दिवस लागतात. २०० एमबीने ११ तास. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये बहुतेक जण 'स्पीड लिमिट मॅक्स' म्हणजे रिबिल्डच्या वेगाची वरची मर्यादा वाढवतात, पण ती मुळातच सेकंदाला २,००,००० केबी असते. सर्व्हरवर वाचन-लेखन चालू असलं की कर्नल (लिनक्सचा गाभा) रिबिल्डला 'स्पीड लिमिट मिन' म्हणजे खालच्या मर्यादेच्या दिशेने ढकलतं, आणि ती असते फक्त १,००० केबी. म्हणून आधी मिन १,००,००० करा. युजरना सर्व्हर जड वाटू लागला तर दिवसा ५०,०००, रात्री पुन्हा वर. हे बदल रीबूटनंतर टिकत नाहीत, सिसकंट्रोलच्या (कर्नलच्या सेटिंग ठेवणाऱ्या) कॉन्फिग फाइलमध्ये लिहून ठेवा.

मग स्ट्राइप कॅश, म्हणजे रेडचे डेटाचे तुकडे तात्पुरते ठेवायची रॅममधली जागा. मूळ आकडा २५६ असतो, तो ८१९२ करून पाहा. लागणारी रॅम म्हणजे ४ केबी × डिस्कची संख्या × हा आकडा. आठ डिस्कना २५६ एमबी. रॅम कमी असेल तर ४०९६ वर थांबा. रेड १ किंवा १० ला ही सेटिंग लागूच नाही.

तरीही वेग हलला नाही तर आयओस्टॅटमध्ये (डिस्क किती व्यस्त आहे ते दाखवणारी कमांड) प्रत्येक डिस्क वेगळी बघा. एकटीच सतत १००% व्यस्त दिसली आणि स्मार्टमध्ये (डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत) तिचे पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, वाढत असतील, तर तीच सगळ्यांना मागे खेचते आहे. अशा वेळी वेगाचा नाद सोडा, महत्त्वाचा डेटा आधी दुसरीकडे कॉपी करा. नवी डिस्क एसएमआर प्रकारची (एकमेकांवर चढणाऱ्या ट्रॅकमुळे सलग लेखनात मंद पडणारी) असेल तर मात्र कुठल्याच सेटिंगने फरक पडणार नाही, ती बदलाच.