खालची ओल

सोलापूर
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. दर सोमवारी सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन बसतेस, डोळे मिटतेस, तरीही आत काहीच हलत नाही. त्यात हे गाव म्हणजे नुसता धुरळा आणि ऊन, इथे सुंदर तरी काय दिसावे, असे तू लिहिले आहेस. उन्हाची तक्रार मला मान्य आहे. वैशाखात पारा ४३ अंशांवर गेला की मलाही देवापेक्षा पंख्याची आठवण अधिक येते. देवळातल्या कोरडेपणाविषयी मात्र सविस्तर लिहायचे आहे, आणि त्यासाठी तुला आधी शेतात न्यावे लागेल.

माझे वडील मोहोळकडे कोरडवाहू जमीन कसत. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातही सर्वांत जास्त सप्टेंबरात. म्हणून काळे रान पावसाळाभर मोकळे ठेवायचे, कुळव फिरवत राहायचे, आणि पाऊस मुरला की ज्वारी पेरायची, अशी इथली जुनी रीत. मग माघापर्यंत एकही सर आली नाही तरी ती ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. रस्त्यावरून पाहणाऱ्याला मात्र दिवाळीनंतरचे ते रान भेगाळलेले, निर्जीव वाटते. एका सकाळी वडिलांनी मला ज्वारीच्या दोन ओळींमध्ये बसवले, खुरप्याने वीतभर माती उकरली आणि खालचे ढेकूळ माझ्या हातात दिले. वरची माती राखेसारखी उडत होती. हातातली थंड होती आणि दाबली की तिचा लाडू वळत होता. “आता कोळपायचं,” एवढेच ते म्हणाले.

कोळपणी म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती कोळप्याने वरवर हलवणे. तिने पिकाला पाण्याचा एक थेंबही मिळत नाही. तिने भेगा बुजतात, वरचा थर भुसभुशीत होतो आणि आहे ती ओल उडून जात नाही. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे शेतकरी म्हणतात ते यामुळेच. पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपे धरायचे, आणि शेवटच्या खेपेस, भेगा रुंदावलेल्या असतात म्हणून, दातेरी कोळपे. तुझे सोमवारचे बसणे मला या कामाच्या जातीचे वाटते. तू त्या बसण्याकडे पाऊस मागतेस, म्हणून दर वेळी निराश होऊन उठतेस. देवळाच्या ज्या तळ्याकाठी तू बसतेस ते १२ व्या शतकात सिद्धरामेश्वरांनी खोदवले, हे तुला ठाऊक आहेच. या कोरड्या मुलखातल्या योग्याला पाणी साठवणे हेही भक्तीचेच काम वाटले, याचा मी अनेकदा विचार करतो.

बसणे सोडू नकोस, पण डोळे मिटायची घाई करू नकोस. एखादे झाड वर्षभरासाठी ठरवून घे. माझ्या गल्लीच्या तोंडाशी कडुनिंब आहे. चैत्रात तो फुलतो आणि रात्री रहदारी ओसरून धुरळा खाली बसला की त्याचा मंद, मधासारखा वास येऊ लागतो. दिवसा तो कधीच जाणवत नाही. श्रावणात नारळी पौर्णिमेला शहराच्या पूर्व भागात मार्कंडेयाचा रथ निघतो, कोजागरीला माणसे इथून तुळजापूरला पायी जातात. हे सारे जमेल तसे पाहा, फोन मात्र खिशात राहू दे.

गड्ड्याच्या यात्रेतला, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या जत्रेतला, अक्षता सोहळा मी पहिल्यांदा ऐन तरुणपणी पाहिला. खरे सांगायचे तर तो सोहळा होतो त्या सम्मती कट्ट्यापाशी, गर्दीत माझे सारे लक्ष पाकीट सांभाळण्यात होते. अक्षता टाकायची ‘दिड्डम’ ही हाक ऐकू आली, सगळीकडून हात उठले, माझाही उठला, आणि माझ्या अक्षता पुढच्या म्हातारबांच्या फेट्यावर पडल्या. मनात काही म्हणता काही उमटले नाही. रात्री सदरा काढताना कॉलरच्या घडीतून दुसऱ्या कुणीतरी टाकलेले दोन दाणे खाली पडले. का कोण जाणे, मला ते केराच्या सुपलीत टाकवेनात, कोनाड्यात ठेवले. त्यानंतर मी बहुतेक दर वर्षी जातो.

पुढच्या महिन्यात येळवस, म्हणजे शेतात पूजा करायची मार्गशीर्षातली अमावास्या आहे. त्या दिवशी आमच्या रानात ये. ज्वारी तोवर कमरेएवढी झाली असेल. पूजा झाली की भज्जी (मिसळीची भाजी), बाजरीची भाकरी आणि आंबील तिथेच बांधावर बसून खाऊ. मग खुरपे तुझ्या हाती देईन, कुठे उकरायचे ते तूच ठरव.

तुझे,
काका