दात आंबलेला देवमासा

या सदरात एरवी कीड, कवळी आणि गुटखा यांच्यापलीकडे काही येत नाही. या वेळी टपालात एकाच प्राण्यावरची चार पत्रं निघाली. चूक माझीच. मागच्या अंकात अक्कलदाढेवर लिहिता लिहिता मी म्हणून गेले, की एका देवमाशाचा दात ओठ फोडून बाहेर येतो आणि माणसापेक्षा लांब वाढतो. झालं! हिरड्यांचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेऊ.

प्रश्न : माझ्या मुलीच्या दप्तरावर कपाळावर शिंग असलेला मासा आहे, नाव नारव्हाल. ती म्हणते हा खरा असतो. मी म्हणालो, सशाला कधी शिंग असतं का? त्यावर तिने तुमचा लेख आणून समोर ठेवला. आता घरात मला कोणी विचारेना. खरं काय ते सांगा.
– एक पालक, गंगाखेड

उत्तर : मुलगी जिंकली, तुम्ही हरलात. तिला काहीतरी घेऊन द्या. चॉकलेट नको.

नारव्हाल खरा आहे. ग्रीनलंड आणि कॅनडाचं ईशान्य टोक यांच्यामधल्या बर्फाळ समुद्रात बहुतेक नारव्हाल राहतात, थोडे रशियाच्या बाजूला. आपण देवमासा म्हणत असलो तरी तो मासा नव्हे. मादी पिल्लाला दूध पाजते, आणि श्वास घ्यायला सगळ्यांनाच वर यावं लागतं. मोठा नर चार-पाच मीटर लांब, वजन दीड टनापर्यंत. नावातल्या ‘नार’वर जाऊ नका, दात मिरवतो तो बहुतेक वेळा नरच. जुन्या नॉर्स भाषेत ‘नार’ म्हणजे प्रेत. ती राखाडी, ठिपक्याठिपक्यांची कातडी बघून तिथल्या दर्यावर्दींना बुडालेल्या माणसाचं मढं आठवलं म्हणे.

आता शिंगाचं. ते शिंग नाहीच, सुळा आहे. वरच्या जबड्यात डावीकडे एक, उजवीकडे एक. उजवा हाडातच रुतून बसतो, आडव्या अक्कलदाढेसारखा. डावा ओठ फोडून सरळ पुढे निघतो आणि वाढत वाढत अडीच-तीन मीटरपर्यंत जातो. माझी दवाखान्यातली खुर्ची पूर्ण आडवी केली तरी त्याच्यापुढे आखूड पडेल. आणि एवढा दात असून तोंडात चावायला एकही नाही! मासा ओढून घ्यायचा आणि गिळायचा.

सुळ्याला चऱ्हाटासारखा पीळ असतो, तोही नेहमी डावा. बैलाची दोन शिंगं बघा, एकमेकांची आरशातली रूपं वाटतात. नारव्हालचं तसं नाही. पाचशेतल्या एखाद्या नराला दोन्ही सुळे बाहेर येतात, तेव्हाही दोन्हींचा पीळ डावाच. शंभरातल्या पंधराएक माद्यांनाही सुळा येतो, पण बारीक आणि आखूड. दोन सुळ्यांच्या एका मादीची कवटी १६८४ मध्ये जहाजाने हॅम्बर्गला आली, ती अजून तिथे जपून ठेवली आहे.

डेंटल कॉलेजात प्राण्यांच्या दातांचा एक धडा होता. परीक्षेला येत नाही म्हणून आमच्या सगळ्या बॅचने तो सोडला. मला नारव्हाल कळला तो पुढे कितीतरी वर्षांनी, चिंचेमुळे.

फाल्गुन लागला की लातूरच्या गंजगोलाईजवळच्या माझ्या दवाखान्यात चिंच फोडणाऱ्या बायका येतात. दिवसभर चिंचेच्या ढिगापुढे बसायचं म्हटल्यावर एखादं बोटूक तोंडात जातंच. त्यातली एक म्हणाली, “डॉक्टरीणबाई, दात लई आंबायलेत. थंड पाणी पेलं की कानापर्यंत कळ जायलीय.” मी तिच्या दातावर नुसती हवेची फुंकर सोडली, तर तिने खुर्चीचे हात घट्ट धरले. होतं असं, की दातावरचं इनॅमल हे कवच. आंबटाने ते झिजतं, हिरडीपाशी तर ते आधीच पातळ. त्याच्याखालच्या डेंटिनमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या हजारो नळ्या असतात, आत पाणी भरलेलं. कवच गेलं की नळ्यांची तोंडं उघडी पडतात. गार लागलं, फुंकर लागली, की आतलं पाणी हलतं आणि खाली नस जागी होते. यालाच आपण दात आंबणं म्हणतो.

नारव्हालचा सुळा जन्मभर असा आंबलेला असतो. त्याच्यावर इनॅमलचं कवच नाही. बाहेरचा थर सच्छिद्र, समुद्राचं पाणी त्यातून डेंटिनच्या नळ्यांपर्यंत पोचतं, आणि आत जवळजवळ टोकापर्यंत नस. मज्जातंतूंची टोकं सुमारे एक कोटी असावीत असा अंदाज आहे. तो मांडला मार्टिन नवीया यांनी. अमेरिकेतले दंतवैद्य! आमच्या धंद्यातल्या माणसाने दवाखाना सोडून बर्फात जाऊन हे काम केलं, याचा मला उगाचच अभिमान वाटतो. २०१४ मध्ये छापलेल्या त्यांच्या प्रयोगात जिवंत नारव्हालच्या सुळ्यावर नळकांडं बसवून त्यातून आळीपाळीने खारं आणि गोडं पाणी सोडलं, आणि पाणी बदललं तशी हृदयाची गती बदलली. समुद्र गोठतो तेव्हा बर्फ मीठ बाहेर टाकतो आणि खालचं पाणी जास्त खारट होतं. बर्फाखाली राहणाऱ्याला ते कळलेलं बरं.

पण मग माद्यांचं काय? बहुतेक माद्या सुळ्याशिवाय त्याच बर्फाखाली राहतात, पिल्लं वाढवतात, आणि एका मादीचं वय तर डोळ्याच्या भिंगावरून ११५ च्या आसपास निघालं होतं. म्हणून मला दुसरी बाजू जास्त पटते. २०२० मध्ये दोनशेहून जास्त नरांची मापं तपासली गेली, तेव्हा मोठ्या नरांचे सुळे अंगाच्या मानाने फारच मोठे निघाले. पोळ्याला देवणी बैलाची शिंगं रंगवून, गोंडे लावून वेशीत आणतात, ती काही नांगराच्या कामाला येतात म्हणून नव्हे. तसंच हे. कळ लागते ती लागतेच, पण दात आहे मिरवायला. पडेल ते कामही तो करतो. कॅनडातल्या ट्रेम्ब्ले साउंड खाडीवर ड्रोनने टिपलेल्या आणि २०१७ मध्ये लोकांपुढे आलेल्या चित्रणात नारव्हाल सुळ्याच्या टोकाने कॉड माशाला टपली मारून बधिर करतो आणि मग खातो, हे स्पष्ट दिसतं.

आणि हो, दप्तरावरचं चित्र चुकलंय. सुळा कपाळावर नसतो, वरच्या ओठातून निघतो, डाव्या बाजूने. लेकीला पेन द्या.

प्रश्न : शतपथ ब्राह्मणात मनूने आपली नाव मत्स्याच्या शिंगाला बांधल्याची कथा आहे. तो मत्स्य म्हणजे हाच का? कीर्तनात सांगावं म्हणतो.
– एक कीर्तनकार, पैठण

उत्तर : महाराज, नका सांगू. नारव्हाल उत्तर ध्रुवाकडचं पाणी सोडून आपल्याकडे येत नाही. मत्स्याचं शिंग कथेतच शोभतं, तिथे दंतवैद्याचं काही काम नाही.

पण तुम्हाला कीर्तनात रंगेल अशी दुसरी खरी गोष्ट देते. युरोपात एकशिंगी घोड्याची जी समजूत, तिचं एक मूळ आपल्या देशाच्या नावावर आहे. इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास क्टेसियस नावाचा ग्रीक वैद्य इराणच्या दरबारी होता. तो हिंदुस्थानात कधी आला नाही, पण लिहून मोकळा झाला की तिथे एकशिंगी रानगाढवं असतात आणि त्या शिंगाच्या पेल्यातून प्यायलं की विष बाधत नाही. ऐकीव गेंडा असणार. पुढे राजेलोकांना विषाची धास्ती, त्यामुळे शिंगाला मागणी. माल मात्र उत्तरेकडून यायचा आणि तो होता नारव्हालचा सुळा. विकणारे कशाला सांगतील की हा माशाचा दात आहे!

१५७७ मध्ये फ्रोबिशर या इंग्रज दर्यावर्दीच्या माणसांना किनाऱ्यावर मेलेला नारव्हाल सापडला. त्यांनी सुळ्याच्या पोकळीत कोळी टाकले, कोळी मेले, म्हणजे विषावर उतारा खराच, असं ठरलं. (पोकळीत बंद केल्यावर कोळी दुसरं काय करणार?) तो सुळा एलिझाबेथ राणीकडे गेला. डेन्मार्कच्या राजाने तर राज्याभिषेकाचं सिंहासनच या सुळ्यांचं करवलं. १६७१ पासून त्यावर राज्याभिषेक झाले, आणि आज ते कोपनहेगनच्या रोझेनबोर्ग वाड्यात आहे. गंमत अशी, की हे एकशिंग्याचं शिंग नसून देवमाशाचा दात आहे, हे ओले वुर्म या डॅनिश वैद्याने १६३८ मध्येच सांगितलं होतं, तेही त्याच कोपनहेगनात.

प्रश्न : तिकडची माणसं या माशाची कातडी कच्ची खातात असं वाचलं. शिसारी आली. दात कसे राहत असतील त्यांचे?
– एक गृहिणी, औसा

उत्तर : ताई, उलट विचार करा. त्याच बर्फात अडकलेल्या युरोपी खलाशांच्या हिरड्या सुजून काळ्यानिळ्या व्हायच्या, दात हलून हातात यायचे, माणसं मरायची. स्कर्व्ही. ताजी भाजी नाही, फळ नाही, ‘क’ जीवनसत्त्व नाही. इन्युइट लोक तिथेच पिढ्यान् पिढ्या ठणठणीत, कारण नारव्हालच्या कातडीत ते जीवनसत्त्व भरपूर असतं. कातडी आणि तिच्याखालची चरबी मिळून ‘मक्ताक’, तो बारीक चिरे पाडून कच्चाच खातात. शिजवला तर जीवनसत्त्व जातं. आपण लिंबू वरणात वरून पिळतो, उकळत नाही, तसंच ते.

बाकी काही वाया जात नाही. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांचा दोरा होतो. जिथे झाडच उगवत नाही तिथे सुळ्याचा भाल्याला दांडा व्हायचा, तंबूला खांब व्हायचा. आपण नाही का तुराट्यांचा कूड घालत, हाती आहे त्यातून. त्यांची गोष्टही ऐका. आंधळ्या नातवाचे हाल करणारी एक म्हातारी. त्याला दृष्टी परत येते. पुढे शिकारीत ती भाल्याचा दोर स्वतःच्या कमरेला बांधते आणि भाला लागतो तो भल्यामोठ्या प्राण्याला. म्हातारी ओढली जाते समुद्रात. बुडताना तिची लांब वेणी पिळत पिळत सुळा होते. ही गोष्ट ठिकठिकाणी थोडी वेगळी सांगतात, कुठे आजी, कुठे आई, पण पिळलेले केस कायम.

एक वाईट गोष्टही त्या मुलखात होते. हिवाळ्यात एकाएकी समुद्र गोठतो आणि श्वासाची फट आक्रसत जाते. मग शेकडो नारव्हाल एका भोकाभोवती गोळा होतात, आळीपाळीने नाक वर काढतात. ग्रीनलंडमध्ये त्याला ‘सास्सात’ म्हणतात. उन्हाळ्यात नदीतला शेवटचा डोह राहतो आणि पंचक्रोशीतली जनावरं त्याच्यावर येतात, ते तुम्ही बघितलंय. २००८ च्या हिवाळ्यात कॅनडातल्या पाँड इनलेटजवळ असे सहाशेच्या वर अडकले. सुटकेची वाट नव्हती, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना मारून मांस वाटून घेतलं.

प्रश्न : मला नारव्हाल बघायचा आहे. कुठल्या मत्स्यालयात आहे? (इयत्ता सातवी)
– एक वाचक, किनवट

उत्तर : कुठल्याच नाही, बाळा. १९६९ आणि १९७० मध्ये न्यूयॉर्क आणि व्हँकुव्हरला आणून बघितले, काही महिन्यांत सगळे मेले. समुद्रात मात्र सुमारे १,७०,००० आहेत. बघायचा तर उन्हाळ्यात कॅनडातल्या बॅफिन बेटावर जावं लागेल, नाहीतर कोपनहेगनच्या सिंहासनापुढे उभं राहून पीळ कुठल्या बाजूला जातो ते तपासावं लागेल. तोवर तिकिटाचे पैसे साठव, आणि मला दोन्ही दुधाच्या दाढांचे फोटो पाठवलेस त्यातली उजवीकडची किडली आहे, ती आईला दाखव.